घोड्यांची नोट

बगदादचा रेडिओ खरं बोलतो असं सुलेमानी या आमच्या शहरात कुणीच मानत नव्हतं, तरी दुपारच्या बातम्या घराघरांत लागायच्या. पलीकडचे लोक काय म्हणताहेत ते कानावर असलेलं बरं, एवढाच हेतू. त्या दुपारी आफ्ताव शेजारच्या नर्गिजमावशीबरोबर अंगणात उलट्या तव्यावर पातळ रोट्या भाजत होती, आणि खिडकीतल्या रेडिओतला माणूस अगदी शांत आवाजात सांगत होता की पंचवीस दिनारची जुनी नोट बाद झाली आहे. आठवड्याच्या आत बँकेत नेऊन बदलून घ्यावी, त्यानंतर तिची किंमत शून्य.

आफ्तावच्या पुढ्यातली रोटी तव्यावरच करपली. नर्गिजमावशीने ती काढून बाजूला टाकली आणि विचारलं, "तुझ्याकडे घोडे किती आहेत?"

"सगळे घोडेच आहेत, मावशी," आफ्ताव म्हणाली.

पंचवीसच्या जुन्या नोटेवर पळणारे घोडे होते, म्हणून तिला सगळे घोडाच म्हणत. आमच्याकडे तेव्हा दिनार दोन होते. जुना होता तो जाड, कुरकुरीत कागदाचा. त्याला लोक स्विस म्हणायचे. छापलेला इंग्लंडात, पण साचे स्विसांचे होते म्हणे, आणि नाव पडलं ते पडलं. एके काळी या एका दिनारला तीन डॉलर मिळायचे, आणि कुणाला खोटं वाटू नये म्हणून म्हातारे लोक शपथ घालून ते सांगायचे. मग कुवेतची लढाई झाली, जगाने बगदादची नाकेबंदी केली, बाहेरून नोटा छापून येईनात, तेव्हा बगदादने घरच्याघरीच छापायला घेतल्या. हा नवा दिनार. कागद शाळेच्या वहीसारखा, वर बगदादच्या अध्यक्षाचा फोटो, आणि बोट घामट असेल तर शाई बोटाला. नाव तेच, आकडा तोच, सरकारच्या लेखी दोघे सारखे. बाजाराच्या लेखी मात्र ते सावत्र भाऊ होते.

आफ्तावने वसंताच्या सणाआधी आपल्या लग्नातल्या चार बांगड्या विकल्या होत्या. त्याचे हे घोडे. नवरा हमामीन नको म्हणत होता. "सोनं ते सोनं," एवढंच तो म्हणाला होता, आणि तिने त्याला गप्प केलं होतं. कानीतू हे त्यांचं गाव करादागच्या डोंगरात होतं. अठ्ठ्याऐंशी साली लष्कराने ते भुईसपाट केलं. आता लोक परत जाऊन भिंती उभ्या करत होते. यांच्याही भिंती उभ्या राहिल्या होत्या, फक्त छप्पर नव्हतं. छपराला चिनाराचे लांब वासे लागतात, आणि वासेवाला उधारी ऐकून घेत नाही. चार बांगड्या म्हणजे एक छप्पर, असा तिचा सरळ हिशोब होता. आता त्या छपराची रद्दी झाली होती.

बँकेत नेऊन बदला म्हणणं सोपं होतं. पण बँका होत्या कुठे, तर रेषेच्या पलीकडे. दोन वर्षांपूर्वी उठाव झाला, तेव्हा बगदादने आमच्या भागातून आपली माणसं काढून घेतली, पगार बंद केले, रॉकेल बंद केलं आणि चमचमालच्या पुढे सैन्य आडवं बसवलं, तीच ही रेषा. रेषेच्या पलीकडे किर्कुक, किर्कुकात बँक. आणि हुकूम काढतानाच त्यांनी रस्ता बंद करून टाकला होता. म्हणजे बदला म्हणायचं आणि दाराला कुलूप लावायचं.

हमामीन संध्याकाळी घरी आला तेव्हा त्याला सगळं कळलेलं होतं. तो सिगारेटच्या कारखान्यात कामाला होता. कारखाना महिन्यातून चार दिवस चालायचा, उरलेले दिवस तो कारखान्याच्या दारात बसायचा. उंचापुरा माणूस, मिशा अशा की अनोळखी लोक वाट सोडून बाजूला व्हायचे. घरात मात्र तो बायकोला वचकून असायचा.

"गराजच्या गाडीतळावर लोक म्हणताहेत, एक गाडीवाला आडवाटेने नेतो," आफ्ताव म्हणाली. "किर्कुकला तुझा आतेभाऊ आहे. त्याच्या नावावर बदलून मिळेल."

"पकडलं तर?"

"पकडलं तर, पकडलं तर. घरात बसून काय होणार आहे? छप्पर आपोआप उगवणार आहे का?"

"आफ्ताव, ते झाडाझडती घेतात. या वयाच्या पुरुषाला तर हमखास उतरवतात."

"तुझ्या जागी मी असते तर पायी गेले असते," ती म्हणाली.

हमामीनने सकाळी कमरेचा पट्टा आणून तिच्या हातात दिला. आमच्या पुरुषांचा पट्टा म्हणजे कित्येक हात लांब फुलाफुलांचं कापड, कमरेभोवती वेढे घेत गुंडाळायचं. तिने त्याच्या घड्यांमध्ये एकेक नोट सपाट ठेवली आणि एक टोक आपण धरलं. तो स्वतःभोवती फिरत फिरत पट्टा गुंडाळत दारापर्यंत गेला. एक घोडा तिने रॉकेलसाठी मागे ठेवला. जाताना तो नेहमीसारखं "येतो" म्हणाला नाही. ते तिच्या उशिरा लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी घरात पीठ संपलं होतं, तेव्हा ती तो एक घोडा घेऊन सीरवानच्या पावाच्या भट्टीवर गेली. मनात चोरी होती हे सांगायलाच हवं. सीरवान पहाटेपासून भट्टीशी असतो, त्याने बातम्या ऐकल्या नसतील तर आपली नोट खपून जाईल, असा तिचा बेत होता. तिने नोट चौघडी करून दिली. सीरवानने ती उलगडली, उजेडात धरली, गल्ल्यात टाकली आणि गरम पावांबरोबर सुटे परत दिले. सुटे सगळे जुनेच.

ती कोपऱ्यापर्यंत गेली आणि तिचे पाय अडले. सीरवानला पाच लेकरं होती. ती परत फिरली.

"काक सीरवान, भाऊ, ती नोट परत दे. ती बाद झालीय."

"कुणी केली?"

"बगदादने. रेडिओवर सांगितलं."

"मग रेडिओ काय तुझ्या एकटीच्याच घरात आहे?" सीरवान हसला. "मला माहीत होतं. आणि तुलाही माहीत होतं हे तुझ्या तोंडावरूनच दिसत होतं. चोर आहेस, पण बरी, परत आलीस."

"मग घेतलीस कशाला?"

"पीठवाल्याने पहाटे माझ्याकडून घोडेच घेतले. फोटोवाल्या नव्या नोटा काढल्या तर म्हणाला, या तुझ्या तुलाच राहू देत. त्याच्याकडून कोण घेतं ते त्याला विचार. नाहीतर माम तोफीककडे जा, तो सांगेल. त्याला सांगायला आवडतं."

माम तोफीकला, सगळ्या बाजाराच्या या काकाला, खरंच सांगायला आवडायचं. नोटांच्या बाजारात त्याची एक काचेची पेटी आणि एक स्टूल होतं, आणि गेली चाळीस वर्षं तो त्याच स्टुलावर बसून पैशाने पैसा विकत होता. त्या सकाळी त्याच्याभोवती हीऽ गर्दी. तो मध्ये बसून चहा पीत होता.

"बाद केली म्हणजे काय केलं, पोरी?" आफ्तावने विचारल्यावर तो म्हणाला. "आपल्याला त्यांनी तोडलं. पगार तोडला, तेल तोडलं, रस्ता तोडला. दोर त्यांनीच कापला, आता त्याच दोरावरून हुकूम पाठवताहेत. पोचणार कसा?"

"पण नोट तर त्यांचीच ना?"

"छापणारे त्यांचे होते. वापरणारे आपण. आता ऐक. माझ्या बापाचं लग्न झालं ना, तेव्हा नवरीला द्यायचा मेहेर ठरला होता रुपयांत. हिंदुस्तानच्या रुपयांत. इंग्रज आला तो खिशात रुपया घेऊनच आला. मग आपल्याकडे दिनार निघाला, एका दिनारला तेरा रुपये आणि वर थोडे. तेव्हाही म्हातारे याच बाजारात बसून म्हणाले, चांदी सोडून हा कागद कोण घेणार? घेतला ना? तीन डॉलरचा झाला. रुपया देऊन गेलेला इंग्रज गेला, दिनार आणणारा राजा गेला, कागद राहिला."

"आणि आता?"

"आता घोडा जास्तच चांगला. का? कारण बगदादला वाटलं तरी आणखी एक घोडा छापता येणार नाही. साचा त्यांच्या हातात नाही. आणि फोटोवाली ते रात्रंदिवस छापतात. तूच सांग, कुणाचं मोल वाढेल? कालपर्यंत दोघांच्या भावात थोडाच फरक होता. आज मी घोड्याला वर मागतोय आणि लोक देताहेत." त्याने चहाचा घोट घेतला. "तुझ्याकडे असतील तर कुणाला देऊ नकोस. बदलायला तर मुळीच धाडू नकोस. चांगला माल देऊन रद्दी आणण्यासारखं होईल ते."

हमामीन कालच सगळे घोडे पट्ट्यात बांधून निघून गेला होता. 

त्या क्षणापासून आफ्तावला दोन गोष्टींची धास्ती लागली. पहिली अशी की हमामीन पोचेल आणि घोडे देऊन वहीच्या कागदाची थप्पी घेऊन येईल. दुसरी अशी की तो येणारच नाही. पहिली धास्ती दुपारपर्यंत टिकली. त्यानंतर दुसरी इतकी वाढली की पहिलीची तिला आठवणही राहिली नाही. मिळू देत कागद, आणू दे रद्दी, पण दारातून आत येऊ दे, असं ती भांडी घासताना मोठ्याने म्हणाली. अठ्ठ्याऐंशीत हमामीनचे दोघे भाऊ लष्कराच्या ट्रकमध्ये चढवले गेले, त्यांना कुठे नेलं हे आजतागायत कुणी सांगितलं नव्हतं. हमामीन त्या दिवशी शहरात पाळीवर होता म्हणून मागे राहिला. हे तिला माहीत होतं. इतकी वर्षं माहीत होतं, आणि तरी तिने त्याला सांगितलं, तुझ्या जागी मी असते तर पायी गेले असते.

रोज ती गराजमध्ये जायची. चमचमालहून येणाऱ्या गाड्यांच्या चालकांना विचारायची, मोठ्या मिशांचा, लाल फुलांच्या पट्ट्याचा माणूस पाहिला का. कुणी पाहिला नव्हता. एक म्हणाला, आडवाटेच्या गाडीतून दोघांना उतरवून नेलं. दुसरा म्हणाला, छे, ती गाडी गेलीच नाही. तिसऱ्याने दोघांचंही ऐकून घेतलं आणि म्हणाला, बाई, घरी जा. नर्गिजमावशी रोज जेवण घेऊन यायची आणि जेवलीस का असं विचारायची नाही, समोर बसून खायला लावायची.

"तुझा नवरा आडदांड आहे," ती म्हणायची. "त्याला उचलून न्यायला चार जण लागतील. एवढे रिकामे असतात का ते?"

"मावशी, ट्रकमध्ये स्वतःच चढायला लावतात," आफ्ताव म्हणाली.

मुदत संपल्याचं रेडिओने जाहीर केलं त्या दिवशी ती घरात थांबू शकली नाही. चमचमालला जायचं, रेषेपर्यंत जाऊन विचारायचं, असं ठरवून ती एका पिकअपमध्ये मागे बसली. वाटेत तकिया गाव लागतं. तिथे हमामीनची बहीण शिलान राहायची. निदान तिला सांगून तरी पुढे जावं, भाऊ आहे तिचा, म्हणून आफ्तावने गाडी थांबवायला लावली.

"पटकन या बरं," चालक म्हणाला. "माझ्या मागे अजून माणसं आहेत."

शिलानच्या अंगणाचं फाटक उघडंच होतं. आत तुतीच्या झाडाखाली चटईवर हमामीन बसला होता. पुढ्यात कोवळ्या हिरव्या बदामांची परात, शेजारी मिठाची वाटी. तोंडात बदाम होता. तिला पाहून त्याचं चावायचं थांबलं.

आफ्तावही फाटकातच थांबली.  मग तिने चप्पल काढली आणि ती हातात घेऊनच आत गेली. मारायला काढली की घरात शिरायची म्हणून काढली, हे तिलाही सांगता आलं नसतं.

"मी इथेच होतो," हमामीन म्हणाला.

"दिसतंय. बदाम चांगले आहेत का?"

"आफ्ताव, ऐक."

"याप्राख पण झाला असेल. भात भरलेल्या द्राक्षपानांचा याप्राख तुझी बहीण छान करते. मी तिथे गराजमध्ये तुझ्या मिशांचं वर्णन सांगत फिरतेय, आणि हा इथे बदाम मिठाला लावून खातोय."

शिलान स्वयंपाकघराच्या दारात आली होती, ती आत निघून गेली. बाहेर पिकअपवाल्याने भोंगा वाजवला.

"येताय का, बाई?"

"नाही येत. जा तू," आफ्ताव ओरडली आणि चटईवर बसली. चप्पल अजून हातातच होती.

हमामीन परातीकडे पाहत बोलू लागला तेव्हा त्याचा आवाज त्याच्या मिशांना न शोभेल इतका बारीक होता. "चमचमालपर्यंत गेलो होतो. खरं सांगतो. गाडी उभी होती, मागे ताडपत्री लावलेली. गाडीवाला म्हणाला, चढा. सगळे चढले. मी एक पाय वर ठेवला. आणि दुसरा पाय उचलेनाच. गाडीवाला म्हणाला, अरे चढ ना. मी म्हटलं, चढतो. पण पाय उचलेना, आफ्ताव. मग ते निघून गेले. मी माघारी आलो इथवर. घरी कुठल्या तोंडाने येऊ? तुझ्या चार बांगड्या मी पट्ट्यात बांधून नेल्या आणि त्यांची रद्दी करून आणली. रोज उठलो की म्हणायचो, आज जातो. आज मुदत संपली. आता सुटलो असं वाटलं, आणि लाजही वाटली."

आफ्तावने चप्पल खाली ठेवली. तिला त्या ताडपत्रीच्या गाडीच्या मागे एक पाय वर ठेवून उभा असलेला आपला नवरा दिसला. आपणच त्याला तिथे उभं केलं होतं, हेही दिसलं. तिला रडू येत होतं आणि ते तिने येऊ दिलं.

"नोटा कुठे आहेत?"

"पट्ट्यातच. सोडल्या नाहीत मी. बघवेनात."

"चालतात त्या," ती म्हणाली.

"काय?"

"चालतात. सीरवान घेतो, पीठवाला घेतो, सगळा बाजार घेतो. फोटोवालीपेक्षा जास्त भावाने घेतो. तू किर्कुकला पोचला असतास तर आपलं छप्पर बुडालं असतं."

हमामीनला ते पटायला वेळ लागला. तिने दोनदा सांगितलं, माम तोफीकचं सगळं भाषण, रुपयांतला मेहेर आणि तेरा रुपयांचा दिनार, जसंच्या तसं ऐकवलं. तरी त्याचा विश्वास बसेना, म्हणून तिने तिथेच त्याच्या पट्ट्याची गाठ सोडली, दोन वेढे उलगडले, एक घोडा काढला आणि शिलानला शेजारच्या दुकानातून साखर आणायला पाठवलं. शिलान साखर घेऊन आली आणि सुटेही. दुकानदाराने घोडा घेताना वर विचारलं होतं म्हणे, आणखी आहेत का?

हमामीनने ते सुटे हातात घेतले. एवढा मोठा माणूस, पण त्याचे खांदे असे सैल पडले की जणू कुणी पाठीवरचं गोणतं उतरवून घेतलं. पुढे दहा वर्षांनी, बगदादची राजवटच बदलली आणि तिसराच दिनार निघाला, तेव्हा एका जुन्या दिनारला त्याचे दीडशे मिळाले. कानीतूच्या छपराखाली बसून हमामीन ते लोकांना सांगायचा. पण त्या दुपारी त्याला दीडशेची स्वप्नं पडत नव्हती. त्याला दुसरंच काहीतरी विचारायचं होतं, आणि साखर घातलेला चहा येईपर्यंत ते विचारायचा त्याला धीर झाला नाही.

"म्हणजे मग," तो शेवटी म्हणाला, "मी भित्रा ठरत नाही ना?"

"ठरतोस," आफ्ताव म्हणाली. "असाच भित्रा राहा. आता मीच सांगते तुला, मी कितीही बोलले तरी त्या गाडीत चढायचं नाही."